नो क्लेम बोनस वाचवायला जास्तीचे पैसे भरायचे का? ठरवण्याआधी हा भागाकार करा

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामाच्या गाडीचा मागचा बंपर सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला घासला आणि फुटला. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याला विचारलं गेलं, "इन्शुरन्स आहे ना काका? मग क्लेम टाकून देऊ." मामाने मान हलवली. बंपर ६,००० रुपयांचा, मजुरी १,८०० रुपये, एकूण बिल ७,८०० रुपये. विमा कंपनीने ३,८०० दिले, उरलेले ४,००० मामाने भरले. निम्मे तरी वाचले, या समाधानात तो घरी आला.

या वर्षी पॉलिसीच्या रिन्युअलचा मेसेज आला तेव्हा ते समाधान संपलं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा प्रीमियम ६,००० वरून थेट १२,००० रुपये झाला होता. पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेली ५०% सूट शून्यावर आली होती. मामाचा लगेच फोन, "अगं, ते एनसीबी प्रोटेक्ट म्हणून काहीतरी असतं म्हणे. हजार रुपये जास्त पडतात. घेऊ का आता?"

बैल गेला आणि झोपा केला, असंच म्हणायचं. पण मामाचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त एक वर्ष उशिरा आलाय. तुमच्याही रिन्युअलच्या पानावर 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचा एक चौकोन टिक करायला दिलेला असेल. त्यावर टिक करायची की नाही, हे कसं ठरवायचं? समजून घेऊया.

नो क्लेम बोनस म्हणजे काय?

गाडीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा हा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजेच तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक असतो.

नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर ही सूट नसते. त्यामुळे तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर तुमच्यासाठी हा विषय इथेच संपला.

वर्षभर क्लेम केला नाही, की पुढच्या वर्षी सूट वाढते. तिच्या पायऱ्या अशा:

- १ वर्ष क्लेम नाही: २०%
- सलग २ वर्षं: २५%
- सलग ३ वर्षं: ३५%
- सलग ४ वर्षं: ४५%
- सलग ५ वर्षं किंवा जास्त: ५०%

५०% ही शेवटची पायरी. चढताना एकेक पायरी चढावी लागते, पण उतरताना तसं होत नाही. एक क्लेम केला की पुढच्या रिन्युअलला सूट थेट शून्य. सापशिडीतल्या ९८ वरच्या सापासारखं.

चूक समोरच्याची असेल तर?

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. सिग्नलला तुम्ही शांतपणे उभे आहात आणि मागून कोणी ठोकलं. तुमची काहीच चूक नाही. पण दुरुस्तीसाठी तुम्ही स्वतःच्या ओन डॅमेज विम्यातून पैसे घेतले, तरी तुमचा बोनस जातो. बोनस 'क्लेम न केल्याचा' आहे, 'चूक न केल्याचा' नाही. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता आहे. दरवाजावरच्या पोचेसाठी तेवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही.

म्हणजे तुम्ही कितीही जपून गाडी चालवत असलात, तरी बोनस टिकणं पूर्णपणे तुमच्या हातात नसतं.

एका क्लेमने नेमकं किती नुकसान होतं?

मामाचंच उदाहरण घेऊ. बोनस वजा करण्याआधीचा त्याचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० रुपये. याला आपण मूळ प्रीमियम म्हणू. ५०% सूट असताना तो ६,००० भरत होता. क्लेमनंतर काय होईल, पाहा:

- पहिलं वर्ष, सूट ०%: १२,००० रुपये. जास्तीचे ६,०००
- दुसरं वर्ष, सूट २०%: ९,६०० रुपये. जास्तीचे ३,६००
- तिसरं वर्ष, सूट २५%: ९,००० रुपये. जास्तीचे ३,०००
- चौथं वर्ष, सूट ३५%: ७,८०० रुपये. जास्तीचे १,८००
- पाचवं वर्ष, सूट ४५%: ६,६०० रुपये. जास्तीचे ६००
- सहावं वर्ष, सूट ५०%: ६,००० रुपये. पुन्हा मूळपदावर

जास्तीच्या सगळ्या रकमांची बेरीज १५,००० रुपये. त्यावर १८% जीएसटी धरला तर १७,७००. म्हणजे ३,८०० रुपये मिळवण्यासाठी मामा पाच वर्षांत १७,७०० रुपये मोजणार आहे.

लक्षात ठेवायला एक सोपं सूत्र आहे. तुमची सूट ५०% असेल, तर एका क्लेमचा फटका मूळ प्रीमियमच्या सव्वापट असतो. १२,००० ची सव्वापट १५,०००. मूळ प्रीमियम २०,००० असेल तर २५,०००.

हा ढोबळ हिशोब आहे. गाडी जुनी होते तशी तिची विमा रक्कम घटते आणि त्याबरोबर मूळ प्रीमियमही सहसा कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फटका थोडा कमी बसू शकतो. पण निर्णयासाठी एवढा अंदाज पुरेसा आहे.

मग छोटा क्लेम करायचाच नाही?

आधी हातात किती येणार ते पाहा. बिल किती झालं हे महत्त्वाचं नाही, कंपनी त्यातले किती देणार हे महत्त्वाचं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर ५०% घसारा कापला जातो. मामाच्या ६,००० च्या बंपरचे म्हणूनच ३,००० धरले गेले. त्यात मजुरीचे १,८०० मिळवले आणि सक्तीच्या डिडक्टिबलचे १,००० वजा केले. उरले ३,८००. (१,५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला हे डिडक्टिबल साधारणपणे २,००० रुपये असतं.)

झिरो डेप्रिसिएशन कव्हर असतं तर घसारा कापला गेला नसता आणि मामाला ६,८०० मिळाले असते. तरीही १७,७०० च्या तुलनेत तोटाच.

थोडक्यात, हातात येणारी रक्कम सव्वापटीपेक्षा कमी असेल, तर दुरुस्ती खिशातून करणं स्वस्त पडतं. म्हणून गॅरेजमध्ये आधी अंदाजपत्रक मागा, मग क्लेमचं ठरवा. फार दिवस मात्र थांबू नका, कारण अपघाताची माहिती कंपनीला वेळेत देणं ही पॉलिसीची अट असते. आणि अपघातात कोणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर ही आकडेमोड बाजूला ठेवा. तिथे आधी मदत, मग पोलिस आणि कंपनीला कळवणं.

एनसीबी प्रोटेक्ट काय करतं?

हे एक ॲड-ऑन कव्हर आहे. पॉलिसी घेताना किंवा रिन्यू करताना थोडे जास्त पैसे भरून ते घेता येतं. अपघात झाल्यावर धावत जाऊन घेता येत नाही. पॉलिसीच्या वर्षात ठरलेल्या संख्येइतके क्लेम झाले, तरी तुमची सूट शून्यावर जात नाही. ही संख्या कंपनीनुसार बदलते. कुठे एक क्लेम चालतो, कुठे दोन.

बहुतेक ठिकाणी क्लेम झालेल्या वर्षी सूट आहे त्याच पायरीवर थांबते, वर चढत नाही. ३५% असेल तर पुढच्या वर्षीही ३५%.

आणि काय करत नाही?

जाहिरातीत मोठ्या अक्षरात न दिसणाऱ्या गोष्टी इथे आहेत.

ते टक्केवारी वाचवतं, प्रीमियम नाही. ओन डॅमेजचे दर २००७ पासून सरकारी दरपत्रकाने बांधलेले नाहीत. ते कंपनी ठरवते. क्लेमनंतर कंपनीने तुमचा मूळ प्रीमियम १२,००० वरून १४,४०० केला, तर ५०% सूट कायम राहूनही तुम्ही ६,००० ऐवजी ७,२०० भराल. सूट तीच, बिल जास्त.

ते तुम्हाला त्याच कंपनीशी बांधून ठेवतं. सूट वाचवण्याचं वचन ज्या कंपनीने दिलंय, तिच्याकडेच ते सहसा चालतं. दुसऱ्या कंपनीकडे गेलात की पहिला प्रश्न येतो, "मागच्या वर्षी क्लेम केला होता का?" उत्तर 'हो' असेल, तर तिथे सूट शून्य धरली जाण्याची शक्यता मोठी असते. दरवर्षी चार वेबसाइट पाहून सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

क्लेम लपवून 'नाही' म्हणायचा मोह टाळा. कंपन्या जुन्या कंपनीकडून खातरजमा करतात. खोटं उघडकीला आलं, तर ओन डॅमेजचे लाभ रद्द होऊ शकतात. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन ऐन मोठ्या अपघातात हात रिकामे राहतील.

ते विसरभोळेपणाला औषध नाही. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही, तर जमलेला बोनस जातो. प्रोटेक्ट घेतलेलं असलं तरीही.

ते छोट्या क्लेमचा परवाना नाही. 'आता सूट सुरक्षित आहे' म्हणून जूनमध्ये ओरखड्यासाठी क्लेम केला आणि कव्हरमधला एकमेव क्लेम खर्ची पडला. ऑगस्टमध्ये मोठा अपघात झाला, तर सूट गेलीच.

आता तो भागाकार

प्रोटेक्ट घेतल्याने एका क्लेममागे किती वाचतात, हे तुम्ही कोणत्या पायरीवर आहात त्यावर ठरतं. क्लेमच्या वर्षी सूट आहे तिथेच थांबते असं धरलं, तर पुढच्या पाच वर्षांत वाचणारी रक्कम अशी येते:

- सूट २०%: मूळ प्रीमियमच्या ५०%
- सूट २५%: ८०%
- सूट ३५%: १०५%
- सूट ४५%: १२०%
- सूट ५०%: १२५%, म्हणजे आपली सव्वापट

या रकमेला प्रोटेक्टच्या किमतीने भागा. (जीएसटी दोन्हीकडे लागतो, म्हणून भागाकारात तो सोडला तरी चालतं.) येणारं उत्तर म्हणजे वर्षं. तेवढ्या वर्षांत तुमच्याकडून किमान एक मोठा क्लेम होईल असं वाटत असेल, तर प्रोटेक्ट परवडतं. नसेल वाटत, तर नाही.

तीन उदाहरणं पाहू. तिन्हींत मूळ प्रीमियम १२,००० रुपये धरू.

पहिलं, सूट ५०% आणि प्रोटेक्टची किंमत १,००० रुपये. १५,००० भागिले १,००० म्हणजे १५. पंधरा वर्षांत एकदा तरी मोठा क्लेम होईल? शहरात रोज गाडी चालवणारे बरेच जण 'हो' म्हणतील. मग घ्यायला हरकत नाही.

दुसरं, सूट ५०%, पण प्रोटेक्टची किंमत २,५००. उत्तर येतं ६. सहा वर्षांत एक मोठा क्लेम? तुमची सूट ५०% आहे याचाच अर्थ तुम्ही सलग पाच वर्षं क्लेम केलेला नाही. इथे दोनदा विचार करा.

तिसरं, सूट २०% आणि किंमत १,०००. वाचणारी रक्कम ६,०००, उत्तर पुन्हा ६. वाचवण्यासारखं फार काही जमलेलंच नाही. थांबलेलं बरं.

अजून एक बाब. वरचा फायदा पाच वर्षांत पसरलेला आहे. क्लेमनंतर वर्षभरातच कंपनी बदलणार असाल, तर फक्त पहिल्या वर्षाचा फायदा मोजा. पहिल्या उदाहरणात तो ६,००० आहे, म्हणजे उत्तर १५ वरून ६ वर येतं.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही?

घेण्याचा विचार करा, जर:

- तुमची सूट ४५ किंवा ५०% आहे आणि ओन डॅमेजचा प्रीमियम चांगलाच मोठा आहे.
- गाडी रोज गर्दीत जाते, रस्त्यावर उभी असते किंवा घरात कोणी नुकतंच ड्रायव्हिंग शिकलंय.
- वर्ष-दोन वर्षांत नवी गाडी घ्यायचा बेत आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो नव्या गाडीवर नेता येतो. नव्या गाडीचा मूळ प्रीमियम ३०,००० असेल, तर ५०% सूट म्हणजे एकदम १५,००० रुपये.
- तुम्ही आहात त्या कंपनीवर खूश आहात आणि तिथेच राहणार आहात.

सोडून द्या, जर:

- गाडी जुनी आहे. मूळ प्रीमियम ४,००० वर आला असेल, तर ५०% सूट गेल्याचा फटकाही ५,००० च्या आसपासच.
- सूट शून्य किंवा २०% आहे.
- दरवर्षी कंपनी बदलता.
- गाडी रविवारपुरती बाहेर निघते आणि किरकोळ दुरुस्ती तुम्ही तशीही खिशातूनच करता.

आणि पैसे मोजकेच असतील, तर ॲड-ऑनचा क्रम आधी ठरवा. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घरांसोबत गाड्याही पाण्याखाली गेल्या. पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने ते निकामी झालं, तर साधी पॉलिसी बहुतेक वेळा हात वर करते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या भागात पाणी भरत असेल तर ते आधी घ्या, नव्या गाडीला झिरो डेप आधी घ्या, एनसीबी प्रोटेक्ट त्यानंतर. पहिली दोन कव्हर मोठं बिल भरतात. तिसरं फक्त पुढच्या सवलतीचं रक्षण करतं.

टिक करण्याआधी कंपनीला विचारा

- वर्षात किती क्लेम चालतात? एक की दोन?
- क्लेमनंतर सूट त्याच पायरीवर राहते, खाली येते की वर चढते?
- गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तरी सूट टिकते का?
- फक्त काच बदलली तर तो क्लेम मोजला जातो का?
- गाडीच्या वयाची किंवा किमान सुटीच्या टक्क्यांची अट आहे का?
- हीच सूट नव्या गाडीवर नेता येईल का?

उत्तरं फोनवर नको, ईमेलवर मागा. एजंट 'सगळं कव्हर आहे हो' म्हणाला, तरी शेवटी चालतं ते पॉलिसीच्या कागदावरचं. कंपनीने कागदावर कबूल केलेली सूट दिली नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, आणि विमा लोकपालाकडेही जाता येतं. लोकपालाची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे तक्रारीला फी लागत नाही.

गाडी विकताय? बोनस विकू नका

गाडी विकताना तुमचा बोनस खरेदीदाराकडे जात नाही. विमा कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं. त्या काळात कार घेतली, तर सूट तिला लावता येते. कारचा बोनस दुचाकीला मात्र चालत नाही. मालकाचं निधन झालं आणि गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे गेली, तर बोनसही त्यांच्याकडे जाऊ शकतो. अनेक घरांत हे माहीतच नसतं आणि वर्षांची सूट वाया जाते.

मामाला काय सांगितलं?

या वर्षी प्रोटेक्ट घेऊ नकोस, असं. त्याची सूट शून्य आहे. शून्याचं रक्षण करायला हजार रुपये कशाला? त्यापेक्षा गॅरेजसाठी थोडे पैसे बाजूला ठेव आणि पुढचा ओरखडा खिशातून भर. सूट ३५% वर पोचली की पुन्हा भागाकार करू.

मामा म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं थांबायचं?"

हो. तीन वर्षं, आणि पार्किंगमधल्या त्या खांबापासून जरा लांबून.